अंधारातले दाणे

५ नोव्हेंबर १८४३ या दिवशी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर'चा खेळ केला. मराठी रंगभूमीची सुरुवात आपण तिथून धरतो आणि दरवर्षी हा दिवस रंगभूमी दिन म्हणून पाळतो. त्या खेळाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पण त्याचं छायाचित्र नाही. वास्तविक छायाचित्रणाचा शोध तोवर लागला होता. पॅरिसमध्ये दागेरनं आपली पद्धत जाहीर केली ती १८३९ साली, म्हणजे भाव्यांच्या चार वर्षं आधी. समजा, एखादा दागेरोटाइपवाला कृष्णाकाठी येऊन पोचला असता, तर त्याला त्या खेळाचं चित्र घेता आलं असतं का?

थोडं गणित करू. भरदुपारच्या उन्हाचा उजेड साधारण एक लाख लक्स असतो. दिवट्या आणि समयांच्या उजेडात नटाच्या चेहऱ्यावर, फार सढळ हातानं धरला तरी, दहा लक्स पडत असेल. म्हणजे दहा हजार पटींचा फरक. तेव्हाच्या सुधारलेल्या भिंगांनी आणि रसायनांनी चांगल्या उन्हात मिनिटभरात चित्र उमटायचं असं धरू. मग दिवट्यांच्या उजेडात दहा हजार मिनिटं लागली असती. दहा हजार मिनिटं म्हणजे जवळजवळ सात दिवस. चिंतामणराव पटवर्धनांनी राजाश्रय कितीही दिला असता, तरी राम सात दिवस धनुष्य धरून उभा राहिला नसता.

आज एफ/२ची लेन्स, आयएसओ ६४०० आणि १/६० सेकंद एवढ्यावर त्याच दहा लक्समध्ये रामाचं चित्र निघतं. सात दिवसांवरून एका सेकंदाच्या साठाव्या भागावर आपण आलो, म्हणजे साडेतीन कोटी पटींची मजल. ही मजल फुकट मिळालेली नाही. प्रत्येक टप्प्यावर काहीतरी किंमत मोजावी लागली, आणि ती बहुतेक वेळा एकाच नाण्यात मोजली गेली: चित्रावर दिसणारे दाणे. त्याला फिल्मच्या काळात 'ग्रेन' म्हणत, आता 'नॉइज' म्हणतात.

मी सांगली-मिरजेत नाटकं आणि मैफली यांचे फोटो हौसेनं काढतो. फ्लॅशला मनाई, दिवे मंद आणि कलाकार हलता, अशा ठिकाणीच माझी बहुतेक कॅमेरागिरी चालते. त्यामुळे नव्यानं कॅमेरा घेतलेली मंडळी मला हमखास एक प्रश्न विचारतात: "नॉइज काढायला कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?" एका नावात उत्तर देता येईल. पण ते नाव दोन वर्षांत जुनं होतं; प्रश्न मात्र शंभर वर्षांहून जुना आहे. म्हणून हे लांबलचक उत्तर.

चांदीचे दाणे

उजेड कमी असेल तर दोनच वाटा असतात. एक तर उजेड वाढवायचा, नाहीतर आहे त्या उजेडाला जास्त दाद देणारी फिल्म बनवायची.

पहिली वाट आधी चालून झाली. १८८७ साली जर्मनीत मॅग्नेशियमची फ्लॅश-पावडर निघाली. ती पेटवली की भक्क उजेड आणि खोलीभर पांढरा धूर. लग्नाच्या मांडवात हे चालून गेलं, नाटकात चालणं शक्य नव्हतं. आमच्या शेजारी कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी ही वाट अधिक शहाणपणानं वापरली. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा त्यांचा 'सिंहगड' १९२३चा. हरिभाऊ आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला'वर तो बेतलेला होता, आणि तानाजीची चढाई तर रात्रीचीच. तोवर आपल्याकडचे सिनेमे उन्हात, उघड्यावर चित्रित व्हायचे. पेंटरांनी या सिनेमात रात्रीच्या दृश्यांसाठी कृत्रिम दिवे वापरले, आणि भारतीय सिनेमाच्या इतिहासात ही पहिल्या प्रयत्नांपैकी एक म्हणून नोंद झाली. अंधार दाखवायचा तरी आधी भरपूर उजेड लागतो, हे सूत्र कोल्हापूरकरांना शंभर वर्षांपूर्वी उमगलेलं होतं.

दुसरी वाट फिल्मची. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे बारीक स्फटिक पसरलेले असतात. प्रकाश लागलेला स्फटिक डेव्हलपरमध्ये काळी चांदी होतो. स्फटिक मोठा असेल तर तो प्रकाशाचे कण जास्त अडवतो, म्हणून फिल्म 'फास्ट' होते. पण मोठा स्फटिक म्हणजे मोठा दाणा. वेग आणि मऊपणा एकत्र मिळत नाहीत, हा सौदा चांदीच्या स्वभावातच आहे. कोडॅकची ट्राय-एक्स १९५४ साली ३५ मिलिमीटरमध्ये आली आणि पत्रकारांच्या खांद्यावरच्या कॅमेऱ्यांत जाऊन बसली. आपल्याकडे परदेशी रोल महाग किंवा दुर्मीळ. मग उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची 'इंदू'. ४००ची फिल्म १६००ची समजून वापरायची आणि डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायची, याला 'पुश करणं' म्हणत. नाटकाचा फोटो मिळायचा, पण नायिकेच्या गालावर बाजरी सांडल्यासारखी दिसायची.

त्या काळात दाणे काढायचं सॉफ्टवेअर म्हणजे माणूस. स्टुडिओत रिटचर असे. काचेखाली दिवा, वर निगेटिव्ह, हातात टोकदार पेन्सिल. चेहऱ्यावरची सुरकुती, फोड, डाग तो निगेटिव्हवर बारीक रेघोट्या ओढून बुजवायचा. त्या पिढीतल्या अनेकांच्या चेहऱ्यावर देवीचे वण असत आणि लग्न ठरवायच्या फोटोत ते नको असत. रिटचर दाणे आणि वण एकाच पेन्सिलीनं पुसायचा. पण त्याच्यासमोर बहुधा ते माणूसही येऊन गेलेलं असे, म्हणून वण कुठला आणि दाणा कुठला हे त्याला ठाऊक असायचं. तो जे पुसायचा ते जाणूनबुजून, आणि गिऱ्हाइकानं सांगितलं म्हणून. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

थेंब मोजणारा कॅमेरा

१९६९ साली बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी ही चकती कल्पिली. त्याबद्दल चाळीस वर्षांनी, २००९ मध्ये, त्यांना नोबेल मिळालं. १९७५ साली कोडॅकच्या स्टीव्हन सॅसननं तशाच चकतीवर पहिला डिजिटल कॅमेरा जोडला. त्याचं चित्र १०० गुणिले १०० ठिपक्यांचं होतं आणि ते कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे. चांदी गेली, स्फटिक गेले. तेव्हा दाणेही जायला हवे होते. ते गेले नाहीत, कारण यातला मोठा वाटा उजेडाचाच आहे.

हे समजायला अंगणात शंभर सारख्या वाट्या मांडून ठेवा. मुसळधार पाऊस तासभर पडला तर सगळ्या वाट्यांत जवळपास सारखं पाणी साठेल. पण नुसती भुरभुर दोन मिनिटं झाली, तर एका वाटीत सहा थेंब, शेजारच्या वाटीत दोन, तिसरीत एकही नाही. पाऊस सगळीकडे सारखाच होता, तरी वाट्यांत फरक पडला. प्रकाशही असाच थेंबाथेंबानं येतो. सेन्सरवरच्या एका ठिपक्यात सरासरी १०,००० प्रकाशकण पडत असतील, तर आकड्यात चढउतार होतो तो त्याच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे १००; हा एक टक्का झाला, डोळ्याला दिसतसुद्धा नाही. सरासरी १०० कण असतील तर चढउतार १०, म्हणजे दहा टक्के. आणि काळ्या शालूच्या घडीत सरासरी ४ कण पडत असतील, तर चढउतार २, म्हणजे पन्नास टक्के. वॉल्टर शॉट्कीनं १९१८ साली विजेच्या प्रवाहातल्या अशा खरखरीचा हिशोब मांडला होता. तोच हिशोब इथे लागू पडतो.

याच्यावर कॅमेऱ्याची स्वतःची खरखर चढते: आकडे वाचतानाची आणि उष्णतेची. सांगलीच्या एप्रिलमध्ये रात्री लांब एक्स्पोजर दिलं तर लाल-निळे ठिपके उगवतात, ते या उष्णतेचे. पण आजच्या चांगल्या कॅमेऱ्यांत ही खरखर खूप कमी झाली आहे. उरतो तो मुख्यतः उजेडाचाच थेंबेपणा. म्हणूनच 'आयएसओ वाढवल्यामुळे नॉइज येतो' हे अर्धसत्य आहे. आयएसओ म्हणजे आवाजाचं बटण. वाट्यांत थेंब कमी होते ही मूळ गोष्ट, बटणानं ती नुसती ऐकू येते.

रंगाची कथा आणखी वेगळी आहे. सेन्सरला रंग कळत नाही. कोडॅकच्याच ब्राइस बायरनं सुचवलेली युक्ती बहुतेक कॅमेऱ्यांत असते: प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवी किंवा निळी काच. म्हणजे एका ठिपक्याला एकच रंग खरा मोजता येतो, उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजानं भरले जातात. दिवसाउजेडी काढलेल्या फोटोतसुद्धा रंगाची दोन तृतीयांश माहिती अंदाजाची असते. तेव्हा 'कॅमेऱ्यातून आलं ते शुद्ध, सॉफ्टवेअरनं केलं ते भेसळ' असं सरसकट म्हणणाऱ्यांनी जरा सबुरीनं घ्यावं. अंदाज सुरुवातीपासून आहेच. प्रश्न एवढाच, की अंदाज कशाच्या आधारे.

गाळण्यांची पिढी

नॉइज काढणाऱ्या सॉफ्टवेअरचा इतिहास या एका प्रश्नाभोवती नीट मांडता येतो.

पहिल्या गाळण्या साध्या होत्या. शेजारच्या आठ-दहा ठिपक्यांची सरासरी काढायची, किंवा त्यांतला मधला आकडा घ्यायचा. दाणे जायचे, आणि पापण्याही जायच्या. १९९० साली पेरोना आणि मलिक यांनी कडा ओळखून कडेपाशी थांबणारी गाळणी मांडली. १९९४ साली डोनोहो आणि जॉनस्टन यांनी वेव्हलेट या गणिताचा आधार घेतला: चित्राचे जाड-बारीक थर वेगळे करायचे आणि प्रत्येक थरातली क्षीण कुजबुज तेवढी बंद करायची. २००० नंतरच्या दशकात डिजिटल कॅमेरे घराघरांत आले आणि नीट इमेज, नॉइज निंजा, नॉइजवेअर अशी नावं छायाचित्रकारांच्या तोंडी बसली. तेव्हाच्या कॅमेऱ्यांत आयएसओ ८०० म्हणजे धाडस असायचं. या सॉफ्टवेअरला त्या-त्या कॅमेऱ्याची नॉइजची 'प्रोफाइल' द्यायची. पट्टी जरा जास्त सरकवली की माणसांचे मेणाचे पुतळे व्हायचे.

खरी उडी २००५ची. ब्युआदेस, कोल आणि मोरेल यांनी एक साधी पण विलक्षण गोष्ट लक्षात आणून दिली: चित्रात तेच तेच पुन्हा येतं. पैठणीच्या काठावरची एक कोयरी दाण्यांनी झाकली असेल, तर त्याच काठावर तशा पंचवीस कोयऱ्या आहेत. शेजारचे ठिपके नकोत. चित्रात कुठेही असतील ते सारखे तुकडे शोधा आणि त्यांची सरासरी काढा. दाणे प्रत्येक ठिकाणी वेगळे असल्यामुळे ते एकमेकांना खोडतात, कोयरी उरते. २००७ साली फिनलंडमधल्या तांपेरे इथल्या संशोधकांनी हीच कल्पना पुढे नेऊन बीएम३डी बनवलं. पुढची जवळजवळ दहा वर्षं बाकीच्यांना मोजायची पट्टी तीच होती. त्याच वर्षी निकॉनचा डी३ आला आणि आयएसओ ६४०० पहिल्यांदा भरवशाचं वाटायला लागलं.

इथपर्यंतच्या सगळ्या गाळण्यांमध्ये एक गोष्ट समान होती. अंदाजाचा आधार त्याच फोटोत होता. दिवे, नट, साडीचा काठ, भिंत, जे काही त्या रात्री त्या चौकटीत आलं होतं, त्याच्याशीच हिशोब.

२०१७-१८च्या सुमारास हे बदललं. न्यूरल नेटवर्कला आधी हजारो फोटोंच्या जोड्या दाखवायच्या: हा दाणेदार, हा त्याचाच स्वच्छ. २०१८च्या एका गाजलेल्या संशोधनात सेकंदाच्या अगदी लहान भागात घेतलेले, जवळपास काळे दिसणारे पाच हजारांवर रॉ फोटो आणि त्यांच्या जोडीला दहा ते तीस सेकंदांची तीच दृश्यं वापरली होती. पाहून पाहून यंत्र शिकतं की असे दाणे असले की खाली बहुधा असं काहीतरी असतं. मग टोपाझचं डीनॉइज एआय आलं, २०२० मध्ये डीएक्सओचं डीपप्राइम, एप्रिल २०२३ मध्ये अडोबीच्या लाइटरूममध्ये एआय डीनॉइज. निकाल थक्क करणारे आहेत, हे मी मोकळेपणानं म्हणतो. दहा वर्षांपूर्वी टाकून दिले असते असे फोटो आज भिंतीवर लागतात.

पण आधार बदलला आहे. जिथे फोटोत माहिती पुरेशी आहे तिथे यंत्र तीच वापरतं. जिथे ती संपते, तिथे ते दुसऱ्यांच्या फोटोंतून शिकलेलं भरतं. मिरजेतल्या सारंगीवाल्याच्या हनुवटीवरचा अंधार मग जगातल्या कुणाकुणाच्या हनुवट्यांवरून भरला जातो. रिटचरला समोरचा माणूस ठाऊक असायचा. या नव्या रिटचरला सगळी माणसं थोडी थोडी ठाऊक आहेत, फक्त हा माणूस नाही.

मिरजेची साक्ष

फाजील काय आणि असली काय, हा वाद कानाच्या दुनियेत आधी झाला, आणि त्यासाठी सांगलीहून मिरजेपर्यंत जाणं पुरतं. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले. १९३७ साली त्यांचं निधन झालं आणि मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केलं. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ रात्र रात्र गाणं चालतं, आणि माझे निम्मे दाणेदार फोटो तिथलेच आहेत. खाँसाहेबांच्या १९३०च्या दशकातल्या ध्वनिमुद्रिका आजही ऐकल्या जातात. त्यांवरची खरखर संगणकानं काढता येते. पण पट्टी पुढे सरकवत नेली, की एका टप्प्यावर खरखरीबरोबर मागचा तंबोरा नाहीसा होतो आणि आवाजाच्या कडेची बारीक झळाळी विझते. जुन्या रेकॉर्डींचे शौकीन म्हणूनच खरखरीसकट प्रत जपून ठेवतात.

तंबोरा का जातो, हे मिरजेच्या कारागिरांच्या दुकानात कळतं. तंबोऱ्याची तार घोडीच्या किंचित गोलसर पाठीला घासून झणझणते; तारेखाली दोरा सरकवून तो झणकार नेमका जागेवर आणतात. ही जवारी. जवारी काढून टाकली तर तार स्वच्छ वाजते आणि तंबोरा मुका होतो. हा झणकार ज्यानं कधी ऐकला नाही त्याला तो यंत्रातला बिघाडच वाटेल.

फोटोतले दाणे म्हणजे जवारी असं मला म्हणायचं नाही. जवारी कुणीतरी मेहनतीनं लावलेली असते, दाणे आपोआप येतात. पण गाळणी चालवणाऱ्याला मूळ वस्तू ठाऊक नसेल, तर तो बिघाड आणि गुण यांत फरक करू शकत नाही, ही गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे.

आकडे आणि वण

हा फरक कुठे महागात पडू शकतो, याचं पहिलं उदाहरण नदीचं. ऑगस्ट २०१९च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. अशा दिवसांत पाणी किती फुटांवर आहे हा आकडा गावभर तोंडी असतो, आणि वीज गेलेल्या गल्लीतला, कुणाच्या तरी उंबऱ्याचा, दुकानाच्या पाटीचा रात्री काढलेला फोटो पुढे पंचनाम्यापर्यंत जाऊ शकतो. मी मुद्दाम एक चाचणी करून पाहिली. अंधारलेल्या गल्लीतली देवनागरी पाटी असलेला एक रॉ फोटो तीन वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमधून काढला. जुन्या पद्धतीच्या गाळणीनं अक्षरं पुसट केली. वाचता येईनात, पण ती पुसट आहेत हे दिसत होतं. एका एआय गाळणीनं शिरोरेषा झकास सरळ आणि ठसठशीत केली, आणि तिच्याखाली अक्षरासारखं दिसणारं पण कुठलंच अक्षर नसलेलं काहीतरी काढून ठेवलं. पुसट पाटी 'मला माहीत नाही' म्हणते. ठसठशीत पाटी तसं म्हणत नाही.

अक्षरांऐवजी आकडा असता तर? २०१३ साली जर्मन संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीझेलनं दाखवून दिलं की झेरॉक्सची काही यंत्रं स्कॅन करताना ६चा ८ करत होती. त्यात एआय नव्हतं. फाइल लहान करण्यासाठी यंत्र एकसारखे दिसणारे तुकडे शोधून एकाच्या जागी दुसरा बसवत होतं. कागद स्वच्छ दिसत होता आणि आकडा चुकीचा होता. गेली काही वर्षं छायाचित्र-पत्रकारितेच्या स्पर्धांच्या नियमांत या गोष्टी स्पष्टपणे येऊ लागल्या आहेत: फोटोत नवी माहिती घालणारं साधन चालणार नाही. नॉइज काढणं आणि माहिती घालणं यांच्यामधली रेघ कुठे ओढायची, याचाच तो सगळा खल.

दुसरं उदाहरण माणसाचं. मिरजेतल्या एका वयस्क साथीदाराचे मी बरीच वर्षं फोटो काढले होते. ते गेल्यावर घरच्यांनी भिंतीवर लावायला एक फोटो मागितला. सगळ्यांत चांगली मुद्रा होती पहाटे साडेतीनच्या सुमाराची, आयएसओ ६४००, डोळे मिटलेले, चेहरा अर्धा अंधारात. मी त्याच्या दोन प्रती छापल्या: एक एआयमधून काढलेली, गुळगुळीत; दुसरीत फक्त रंगाचा नॉइज काढलेला, करडे दाणे तसेच. दोन्ही घेऊन गेलो आणि पुढ्यात ठेवल्या. नातवंडांना पहिली आवडली. त्यांच्या पत्नीनं ती हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि विचारलं, "ह्यांचे वण कुठं गेले?"

लहानपणी त्यांना देवी आल्या होत्या. गालावरचे बारीक खड्डे त्या उजेडात दाण्यांएवढेच दिसत होते, आणि सॉफ्टवेअरनं दोन्ही एकाच हिशोबानं झाडून टाकले होते. त्यात लबाडी नव्हती. देवीचा रोग हद्दपार झाला त्याला आता पन्नासेक वर्षं होत आली. यंत्र ज्या स्वच्छ चेहऱ्यांवर शिकतं त्यांत वण असलेले चेहरे किती असणार? भिंतीवर दुसरी प्रत लागली. घरात शिरताना दाराजवळून पाहिलं तर दाणे दिसतही नाहीत.

तर मग, कुठलं घ्यावं?

आता मूळ प्रश्नाचं उत्तर. मी स्वतः जे करतो तेच सांगतो.

फोटो रॉमध्येच काढा. जेपेगमध्ये कॅमेरा स्वतःच गाळणी फिरवून मोकळा होतो, मग तुमच्या हातात ठरवण्यासारखं फार उरत नाही. रंगाचा नॉइज, म्हणजे सावलीतले लाल-हिरवे डाग, निःसंकोच काढा. डोळ्याला रंगाचे बारकावे एवढे कळत नाहीत, आणि तो रंग तसाही अर्धाअधिक अंदाजाचा असतो. करड्या दाण्यांना मात्र हात आखडता ठेवा. स्क्रीनवर शंभर टक्के मोठं करून दाणे मोजत बसणं हा आजार आहे. आधी ए-४वर छापून हातभर अंतरावरून पाहा. निम्मे दाणे कागदच खाऊन टाकतो.

विषय हलत नसेल, उदाहरणार्थ रात्रीचा कृष्णेचा घाट, तर सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी तिवई लावा आणि एकामागोमाग १६ फोटो घेऊन त्यांची सरासरी काढा. नॉइज चौथ्या भागावर येतो, आणि भरलेली प्रत्येक गोष्ट त्या घाटावरच्याच उजेडाची असते. हल्लीचे फोन रात्रीच्या मोडमध्ये बहुतांशी हेच करतात.

पैसे खर्चायचे नसतील तर डार्कटेबल आणि रॉथेरपी फुकट आहेत. डार्कटेबलमध्ये शेकडो कॅमेऱ्यांची प्रोफाइल आधीच भरलेली असते आणि गाळणी जुन्या घराण्याची, म्हणजे त्याच फोटोत आधार शोधणारी. शिकायला आठ-पंधरा दिवस लागतात. एआय हवंच असेल तर तुमच्याकडचं रॉचं सॉफ्टवेअर ते देतं का, आधी बघा. वेगळं घेण्याआधी चाचणी आवृत्तीवर तुमचाच सगळ्यांत वाईट फोटो चालवून पाहा, त्यांच्या जाहिरातीतला नको. संगणकात ग्राफिक्स कार्ड बरं नसेल तर एकेका फोटोला काही मिनिटं लागतील, तोही खर्चच. निकाल तपासताना आकाश आणि भिंती पाहू नका, त्या सगळ्यांनाच जमतात. अक्षरं पाहा, आकडे पाहा, सतारीच्या तारा मोजा, केसांची मुळं पाहा, आणि माणूस ओळखीचा असेल तर त्याच्या घरच्यांना दाखवा.

आणि फोटो कशासाठी आहे ते ठरवा. नाटकाच्या जाहिरातीसाठी असेल तर एआय बिनधास्त वापरा. जाहिरातीत नट गोरागोमटा दिसण्याची परंपरा फार जुनी आहे. आठवणीसाठी असेल तर हलक्या हातानं. पुरावा किंवा नोंद असेल तर दाणे राहू द्या, आणि काही केलंच असेल तर फाइलच्या नावात तसं लिहून ठेवा.

शेवटची गोष्ट सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त टाळली जाणारी. मूळ रॉ फाइल पुसू नका. एआयनं नवी स्वच्छ फाइल तयार केली की जागा वाचवायला जुनी उडवायचा मोह होतो. रिटचर पेन्सिल फिरवायचा ती मूळ निगेटिव्हवरच. आपल्याला मूळ बाजूला ठेवायची सोय आहे. २००९ साली काढलेल्या माझ्या काही रॉ फाइली मी आजच्या साधनांनी पुन्हा उघडल्या, तेव्हा त्यांतून तेव्हापेक्षा कितीतरी अधिक निघालं, कारण थेंब तेच होते आणि गाळणी सुधारली होती. पुढेही ती सुधारेल. तेव्हाच्या माणसाला आपल्या हातून दाणे मिळाले पाहिजेत. त्यातून काय पाखडायचं, ते तो पाहील.